कबूल कोण म्हणालं?

मीरासाहेब कंडक्टर एस.टी.तून निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, पण त्यांच्या अंगातली घाई काही निवृत्त व्हायला तयार नव्हती. घरात कुणी चहा प्यायला जरा वेळ लावला, की हे दारातून ओरडणार, "चला, आटपा, सुटतीय गाडी!" कुठली गाडी, ते विचारायची सोय नव्हती. दवाखान्यात डॉक्टरच्या आधी हे हजर, मयतीला खांदेकऱ्यांच्या आधी हे हजर. शिरूर डेपोत म्हणे त्यांच्यामुळं एकही गाडी कधी उशिरा सुटली नाही. म्हणे कशाला, ते स्वतःच सांगत सुटायचे.

तर अशा माणसाच्या नातीचं लग्न होतं. अफरीन, थोरल्या मुलाची पोर, शिक्रापूरच्या एका कंपनीत तयार मालाची तपासणी करायची. नवरा मुलगा अनिस, दौंडचा, नोकरीला कोरेगाव भीमाला. त्या दिवशी दौंडची वरात शिरूरच्या कार्यालयात वेळेवर आली म्हणून मीरासाहेब खूश. मौलाना वेळेवर आले म्हणून आणखी खूश. मागं बिर्याणीचे हंडे दमावर लागले होते. मौलानांनी विचारलं, "वकील कोण?" आणि म्हाताऱ्यानं छाती काढून सांगितलं, "वकील आपणच!"

हे वकील म्हणजे कोर्टातले नव्हेत बरं का. निकाह लागायच्या आधी नवरीची संमती आणावी लागते. ती आत बायकांत बसलेली, नवरा बाहेर पुरुषांत. मग घरातला एक जाणता माणूस वकील होतो, साक्षीला दोन गवाह घेऊन आत जातो, नवऱ्या मुलाचं नाव सांगतो, नवऱ्याकडून नवरीला मिळायचा मेहर सांगतो आणि तीनदा विचारतो, कबूल आहे का? तिचा होकार घेऊन तो बाहेर आला, की मग नवऱ्याला विचारतात. मीरासाहेबांनी नात्यागोत्यातल्या किती पोरींचे होकार असे आणले असतील, त्यांनाच ठाऊक. हे काम फिरून फिरून त्यांच्याकडंच यायचं, कारण ते आत गेले की लगेच बाहेर येत. बाकीचे वकील आत अडकून पडायचे. पोरगी लाजतीय, पोरगी रडतीय, बोलतच नाही. मीरासाहेबांचं तसलं काही नव्हतं. नवरीभोवतीच्या बायका "हां बोली, हां बोली" म्हणाल्या, की यांचं काम झालं. आणि वर ऐकवायचे, "आमची सरदारबी पहिल्याच विचारण्याला हां म्हणली व्हती. एका बेलमधी!" गेली पन्नासेक वर्षं प्रत्येक लग्नात हे वाक्य ठरलेलं. सरदारबी जवळ असल्या तर पदर सारखा करून दुसरीकडं बघायच्या. लोकांना वाटायचं, म्हातारी अजून लाजते.

तर मीरासाहेब गवाह घेऊन आत गेले. खोली बायकांनी ठेचून भरलेली, अत्तराचा आणि मोगऱ्याचा नुसता घमघमाट. मधे अफरीन, लाल ओढणी पार हनुवटीखाली ओढलेली. म्हाताऱ्यानं घसा खाकरला.

"अफरीन बेटी, दौंड के अनिस वल्द बाबालाल शेख के साथ, ठहराए हुए मेहर पर, तेरा निकाह पढाते हैं. कबूल है?"

ओढणी हलली नाही.

"कबूल है, बेटी?"

ओढणीखालून कुणीतरी बोलायच्या आधी श्वास घ्यावा तसा श्वास ऐकू आला, आणि तेवढ्यात अफरीनची मावशी ओरडली, "हां बोली!" तिच्या मागोमाग सगळ्या बायका एकदम ओरडल्या, "हां बोली, हां बोली! मुबारक हो!" तिसऱ्यांदा विचारलेलं त्या गलक्यात मीरासाहेबांचं त्यांनाच ऐकू आलं नाही. गवाहांनी माना डोलावल्या. म्हातारा वळला आणि निघाला.

बाहेरच्या बोळात सरदारबी उभ्या होत्या. हिरवी साडी, हातात पानाचं ताट, आणि चेहरा असा की मीरासाहेबांचा पाय आपोआप थांबला. घरात हे नवराबायको आपल्या हिंदीत बोलत. पण सरदारबींना खरा राग आला, की त्या मराठीवर येत.

"ऐकलं का तुमी?" त्यांनी विचारलं.

मराठी! मीरासाहेबांनी जपूनच विचारलं, "काय ऐकलं?"

"पोरीचं कबूल."

"व्हय की. बाया म्हणल्या न्हवं का?"

"बाया म्हणल्या. मी पोरीचं इचारतीय."

"आगं, लाजती ती! तू न्हाई का लाजली व्हतीस?" त्यांनी गवाहांकडं बघून डोळा मिचकावला. "तरी पहिल्याच विचारण्याला—"

"मी लाजले नव्हते," सरदारबी म्हणाल्या. "मी तिथं नव्हतेच."

मीरासाहेब हसले. मग हसायचे थांबले. गवाहांना म्हणाले, "तुमी व्हा म्होरं. आलोच."

गवाह गेले. बोळात दोघंच राहिली.

"नव्हतीस म्हंजी?"

"नव्हते म्हंजी नव्हते. तुमी कासुर्डीला आमच्या दारात मांडवात बसून कबूल म्हणत व्हता ना, त्याच वक्ताला मी फाट्यावर उभी व्हते. सोलापूर रस्त्याला."

"कशाला?"

"गाडीला."

"कुठल्या गाडीला?"

बघा आता. पायाखालची जमीन सरकलीय, आणि ह्या माणसाच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो हा! सरदारबींनी पानाचं ताट खिडकीत आदळलं.

"भिगवणला जाणाऱ्या. का, आता तिकीट फाडताय माझं?"

"तसं न्हाई, पर..."

"थोरली आपा भिगवणला दिलेली. तिच्याकडं निघाले व्हते. चार दिस आधीपासनं मी माझ्या खालाला, मावशीला म्हणत व्हते, मला इचारा तरी. ती म्हणली, इचारायला येतील की वकील. म्हणलं, बरं, तवा सांगीन. पर आपल्या लग्नाआधी चुलतभनीचं लगीन बघितलं व्हतं मी. तिला इचारायला आले, तवा तिच्या खालानंच हां बोली म्हणून टाकलं. मला कळलं, माझं बी तेच व्हणार. तुमचं तोंड बघितलं नव्हतं मी, तुमचा आवाज ऐकला नव्हता. मागल्या दारानं निघाले ती थेट फाट्यावर."

"मंग?"

"मंग काय? गाडी आली. खचाखच भरलेली. कंडक्टर दारात उभा. म्हणला, जागा न्हाई बाई, मागची गाडी रिकामी येतीय. आन् दिली डबल बेल, सुटली गाडी."

मीरासाहेबांनी भिंतीला हात टेकला.

"मी थांबले," सरदारबी म्हणाल्या. "लई येळ थांबले. मागची गाडी काय आली न्हाई. तिकडनं मांडवातला बाजा वाजलेला ऐकू आला, तवा कळलं की आपलं लगीन लागलं. मंग कुठं जायचं? परत आले. दारात उधळलेल्या खारकांचा खच पडला व्हता. खालानं पहिली मुस्काडात दिली आन् मंग चादर पांघरली."

"पर मंग चादरीखाली..." मीरासाहेबांनी आवाज खाली आणला. "कबूल कोण म्हणलं?"

"जैबुन."

या खुदा! जैबुन म्हणजे सरदारबींची मामेबहीण. दर ईदेला शिरूरला शीरखुर्मा खायला यायची. मीरासाहेबांना 'दुल्हेभाई, दुल्हेभाई' करून चिडवायची. आणि ते 'एका बेलमधी' सांगायला लागले, की पोट धरधरून हसायची. मीरासाहेबांना वाटायचं, आपला विनोद चांगला जमतो. परवा परवा वारली बिचारी, तेव्हा ह्यांनी तिच्या नावानं फातिहा दिला होता.

"तिनं तोंडानं काय म्हणलं न्हाई," सरदारबी जरा मवाळ झाल्या. "खालानं मान धरून हलवली. तेवढंच."

 मीरासाहेबांच्या डोक्यात दोन चित्रं एकाच वेळी उभी राहिली होती आणि कोणतंच हलेना. इकडं मांडव, सेहरा बांधलेला जवान मीरासाहेब, मौलाना म्हणताहेत 'अंदर से हां आई है', आणि हा मनातल्या मनात फुललाय की आत कुणीतरी आपल्याला हो म्हटलं. तिकडं त्याच घडीला रस्त्याच्या कडेला एक पोरगी धूळ खात उभी, आणि तिच्या तोंडावर गाडीचं दार लागलंय. आपला सगळा संसार, चार पोरं, नातवंडं, हे सगळं काय एका भरलेल्या गाडीमुळं? गाडीत एक सीट रिकामी असती तर?

"इतकी वर्षं बोलली न्हाईस?"

"इचारलं कवा तुमी?"

"आगं पर आपला निकाह... मौलानांना इचारू का मी?"

"मौलानांना काय इचारताय? माझ्या मनातलं ते सांगणार हायेत व्हय?" सरदारबींनी डोळे पुसले. "आज बी सांगणार नव्हते. पर अफरीन कालपासनं अशीच बसलीया, मी बसले व्हते तशी. आन् तुमी आत गेला आन् बाहेर आला. माझ्याच्यानं बघवलं न्हाई. तुमाला ती हो म्हणलेली ऐकू आली असंल तर जावा. न्हाई तर माझ्या नातीचं कबूल तुमी बाहेर न्यायचं न्हाई."

माईकवरून मौलानांचा आवाज आला, "वकीलसाहब, तशरीफ लाइए." पुन्हा आला. मीरासाहेब जागचे हलले नाहीत. तेवढ्यात कोंडिबा बोळात आले. कोंडिबा म्हणजे त्यांच्या गाडीचे जुने ड्रायव्हर, आयुष्यभराचा दोस्त. ड्रायव्हर लोक कंडक्टरला मास्तर म्हणतात.

"काय मास्तर, पंक्चर झालं काय? सगळी खोळंबल्यात तिकडं."

"कोंडिबा," मीरासाहेब म्हणाले, "आपन वाटंवरच्या पब्लिकला सांगायचो, मागची गाडी रिकामी येतीय. ती यायची का वो?"

"आत्ता? हे आत्ता इचारताय?"

"सांगा की."

"कसली मागची गाडी मास्तर!" कोंडिबा हसले. "तुमीच तर सांगायचा, गर्दी कटवायची म्हंजी आसं म्हणावं लागतं. का?"

"काय न्हाई. त्यांना म्हणावं, थांबा जरा."

कोंडिबांनी आ वासला. मीरासाहेबांच्या तोंडून 'थांबा' हा शब्द त्यांनी आजवर ऐकलाच नव्हता.

म्हातारा पुन्हा खोलीत शिरला. बायका मुबारकबाद देण्यात गुंग होत्या. त्याला बघून सगळ्यांनी पदर सारखे केले.

"जरा बाहेर व्हा सगळ्या."

"अब्बा, हां बोली ना ती," अफरीनची अम्मी, त्यांची सूनबाई, म्हणाली.

"कोण बोली?"

सूनबाईनं बहिणीकडं बघितलं. बहिणीनं शेजारणीकडं. सगळ्याजणी एकमेकींकडं बघायला लागल्या. मघाशी छप्पर उडवणाऱ्या त्या सगळ्यांत एकीनंही अफरीनचा आवाज ऐकला नव्हता. मावशीचं तोंड तर एवढुस्सं झालं. एकेक करत त्या निघाल्या. सरदारबी तेवढ्या दारापाशी थांबल्या.

मीरासाहेब नातीसमोर स्टुलावर बसले. गुडघे कटकन वाजले.

"बेटी, मगाशी मी इचारलं. तू काय म्हणलीस, ते मला ऐकू आलं न्हाई. चूक माझी. आता परत इचारतो, आन् तू बोलल्याबिगर उठत न्हाई. मंग हो म्हण, न्हाई म्हण. न्हाई म्हणलीस तर बाहेर जाऊन न्हाई सांगीन. बिर्याणी गेली खड्ड्यात."

अफरीननं ओढणी वर केली. डोळे कोरडे होते, पण रात्रभर उघडे असल्यासारखे लाल. म्हणाली, "दादा, मला अनिस पसंत आहे. मीच आधी पसंत केलाय त्याला."

मीरासाहेबांचा श्वास सुटला. "मंग?"

"त्याची अम्मी म्हणते, लग्नानंतर सुनेनं दौंडलाच राहायचं. कंपनी सोडायची. मला शिक्रापुरातच खोली करून राहायचंय, त्याच्याबरोबर. त्याची पण नोकरी तिकडंच आहे ना? मी काल अम्मीला म्हटलं, हे आधी विचारून घ्या. अम्मी म्हणाली, लग्न तर होऊ दे, मग बघू. म्हटलं, ठीक आहे, विचारायला दादा येतील तेव्हा सांगीन. दादा ऐकतील." तिचा आवाज फुटला. "मी तोंड उघडलं होतं, दादा. सगळ्या एकदम ओरडल्या. आणि तुम्ही आलात काय, गेलात काय."

भर लग्नात कुणी खाडकन थोबाडीत द्यावी, तसं झालं म्हाताऱ्याला. दारात सरदारबी भिंतीकडं तोंड करून उभ्या होत्या. त्यांच्याकडं बघायची ह्यांची हिंमत झाली नाही.

ते उठले आणि थेट नवऱ्यासमोर जाऊन उभे राहिले. मौलानांचा माईक चालूच होता, त्यामुळं पुढचं सगळं पार बिर्याणीच्या हंड्यांपर्यंत ऐकू गेलं.

"अनिसमियां, माझी नात कंपनी सोडणार न्हाई. शिक्रापुरात खोली करून ऱ्हायला तुमी तयार हाय का?"

दौंडकरांत एकानं दुसऱ्याला कोपरखळी मारली. अनिस सेहरा बाजूला सारून उठूनच उभा राहिला. "हो म्हणजे काय! मी तर खोली बघूनसुद्धा ठेवलीय. अम्मीला म्हटलं होतं, त्यांना कळवा. कळवलं नाही का?"

बायकांच्या बाजूनं अनिसच्या अम्मीचा आवाज आला, "अरे, लगीन तर होऊ दे म्हणलं, मग बघू!" आणि पडद्याआड अफरीनची अम्मीही नेमकी त्याच क्षणी म्हणाली, "मी पण तेच म्हटलं होतं!" दोघी एकमेकींकडं बघून ओशाळल्या. कुणीतरी फिसकन हसलं.

"वकीलसाहब," मौलाना हळूच म्हणाले, "ये बातें पहले हो जानी चाहिए थीं. देर हो गई."

"झाली," मीरासाहेब म्हणाले. "माझ्यामुळं झाली. लावा लेटमार्क." कोंडिबा हे ऐकून मटकन खुर्चीत बसले.

गवाहांना घेऊन ते तिसऱ्यांदा आत गेले. या खेपेला बायकांनी तोंडावर पदर दाबून धरले होते. अफरीननं तिन्ही वेळा "कबूल है" म्हटलं, असं स्वच्छ की बोळात पाणी वाटणाऱ्यालाही ऐकू गेलं. मग बाहेर अनिसनं तिन्ही वेळा म्हटलं. दुआ झाली, सगळ्यांनी एकसुरात आमीन म्हटलं, आणि खारका उधळल्या. पोरं टेबलाखाली घुसली, म्हातारे टोपीत झेलायला लागले.

मीरासाहेबांनीही वाकून मूठभर खारका गोळा केल्या. त्या घेऊन ते बायकांच्या बाजूला गेले. सरदारबी मागच्या रांगेत एकट्याच बसल्या होत्या. त्यांच्या लग्नातल्या खारका त्यांना मिळाल्याच नव्हत्या, हे ह्यांच्या मघापासून मनात घोळत होतं. ते समोर उभे राहिले. शब्द तेच, आयुष्यभर दुसऱ्यांसाठी घडाघडा म्हटलेले, पण आज सुटे सुटे येत होते.

"सरदारबी... शिरूर के मीरासाहेब के साथ..." पुढं येईना. मग ते मराठीवर आले. "म्हंजी, आता उशीरच झालाय. तरी इचारतो. मी, कबूल हाय का तुला?"

सरदारबींनी नवऱ्याकडं बघितलं. पांढरी दाढी, मुठीत खारका. त्यांच्या ओठांत हसू आल्यासारखं वाटलं, पण ते हसू होतं की दुसरं काही, मीरासाहेबांना कळलं नाही. पन्नास वर्षांनंतरही आपल्याला हा चेहरा वाचता येत नाही, हेही त्यांना आजच कळलं.

"इचार करून सांगते," त्या म्हणाल्या.

मीरासाहेबांनी सवयीनं घड्याळाकडं बघितलं. "किती येळ लागंल?"

"मला काय ठावं? आजवर माझ्यासाठी कुणी थांबलंच नव्हतं."

तिकडून कुणीतरी हाक मारली, "दादा, पहिली पंगत बसली, चला!" कुठल्याही लग्नात पहिल्या पंगतीत मीरासाहेब नाहीत, असं कधी झालं नव्हतं.

"तुमी बसा," ते ओरडले. मग त्यांनी खुर्ची ओढली, मुठीत खारका तशाच धरल्या आणि बायकोसमोर बसून राहिले.